आतल्या गोटातला विनोद छातीवर: टीमसाठी गमतीचे टी-शर्ट कसे करून घ्यावेत

टेनिस बॉलच्या स्पर्धा जवळ आल्या की जळगाव-धुळ्याकडच्या प्रिंटिंगवाल्यांकडे एकाच साच्याचे टी-शर्ट निघू लागतात. समोर वाघाचं डोकं, खाली 'किंग्ज' नाहीतर 'वॉरियर्स', पाठीवर नंबर. मैदानावर आठ टीम उभ्या असल्या तर त्यातल्या पाच वाघ असतात. पण प्रत्येक टीमकडे तिची अशी दोन-चार वाक्यं असतात, जी बाहेरच्याला कळत नाहीत आणि आतल्याला ऐकताक्षणी हसू फुटतं. टी-शर्टवर जायला हवीत ती ही वाक्यं.

नवीन माणूस इथे एक चूक हमखास करतो. तो विनोद समजावून सांगायला जातो. अख्खा किस्सा चार ओळींत छातीवर येतो, वाचणारा दुसऱ्या ओळीला मान वळवतो. विनोद सांगायचा नाही, त्याची फक्त खूण छापायची. आतला माणूस उरलेलं स्वतः पूर्ण करतो आणि बाहेरचा विचारतो, "म्हणजे काय रे?" हा प्रश्न आला की टी-शर्ट जमला.

पहिली पायरी: ओळी वेचणं

ओळी बसून सुचत नाहीत, त्या वेचाव्या लागतात. दोन-तीन सामन्यांत बाउंड्रीबाहेरून काय ओरडलं जातं ते मोबाईलमध्ये जसंच्या तसं टिपून ठेवा. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं तेही घ्या. तीस-चाळीस ओळी जमल्या की त्यांतून कामाच्या चार-पाच निघतात.

सगळ्यात चांगला माल मैदानाच्या आजूबाजूला सापडतो. यावल, रावेर, चोपड्याकडे मैदानाला लागून केळीचा बाग असतो. सिक्स बसला की चेंडू बागेत, अर्धी टीम चेंडू शोधायला आत, आणि मालक बांधावर उभा राहून घड सांभाळा म्हणून ओरडतोय. टी-शर्टवर एवढंच हवं: 'बॉल केळीत'. दोनच शब्द, बाकी सगळं आतल्यांना पाठ आहे. धावा काढताना जो प्रत्येक स्टेशनावर थांबतो, त्याच्या पाठीवर 'सुरत–भुसावळ पॅसेंजर'. सामना संपल्यावर शेतात भरीत पार्टी ठरलेलीच असेल तर 'जिंकलो तर भरीत, हरलो तरी भरीत'. ही ओळ हिवाळी स्पर्धेला जास्त शोभते, कारण भरताच्या वांग्यांचा खरा हंगाम तोच.

कबड्डीच्या टीमनेही मागे राहू नये. प्रो कबड्डी लीगच्या नियमांत लागोपाठ दोन चढाया (रेड) रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते. त्या तीस सेकंदांत गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. प्रत्येक टीममध्ये एक बिचारा असतो, ज्याला नेमकं तेव्हाच पुढे ढकलतात. त्याच्यासाठी 'तिसरी रेड मलाच का?' यापेक्षा चांगली ओळ शोधून सापडणार नाही.

नंबरातही विनोद बसतो, आणि त्याला जागा कमी लागते. गाड्यांच्या पासिंगचे नंबर सगळ्यांना तोंडपाठ: जळगाव १९, धुळे १८, नंदुरबार ३९. धुळ्याचा मुलगा नोकरीसाठी जळगावात येऊन तिथल्या टीमकडून खेळत असेल तर त्याच्या पाठीवर १८ लिहून वर बारीक अक्षरात 'पासिंग बाहेरचं'.

दुसरी पायरी: चाळणी

जमलेल्या ओळींना तीन प्रश्न विचारा.

ज्याच्यावर विनोद आहे तो स्वतः हा टी-शर्ट घालून बसस्टँडवर उभा राहील का? त्याला सगळ्यांसमोर विचारू नका, तिथे तो हो म्हणेलच. एकट्याला विचारा. त्याने क्षणभर जरी तोंड पाडलं तरी ओळ बाद. रंग, जाडी, जात, आडनाव, घरची परिस्थिती, कुणाचं न जमलेलं लग्न, यांच्यावरचं काहीही चालणार नाही. ग्रुपवर जे एका दिवसात वाहून जातं ते कापडावर दोन वर्षं राहतं. शेजारच्या गावाच्या टीमला टोमणा मारायचा मोह होतो, पण फायनलला तीच टीम समोर आली की मैदानावर भांडण लागतं. आपल्याच टीमची थट्टा केलेली ओळ समोरच्यालाही आवडते.

दुसरा प्रश्न: घरातल्या मोठ्यांसमोर आणि शाळेच्या मैदानावर घालता येईल का? बऱ्याच स्पर्धा शाळा-कॉलेजच्या मैदानावर होतात. अर्धी शिवी किंवा फुल्या मारलेला शब्द असला तर आयोजक टी-शर्ट बदलायला लावू शकतात.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा, आणि हा बहुतेकजण विसरतात. आयपीएलच्या चाहत्यांचे दोन मोठे विनोद बघा. बंगळुरूच्या टीमवरचा 'कप कधी?' हा विनोद अठराव्या हंगामापर्यंत जोरात चालला आणि ३ जून २०२५ ला त्यांनी कप उचलला तेव्हा एका रात्रीत संपला. असे टी-शर्ट छापून ठेवलेल्यांचा माल पडून राहिला असणार. उलट मुंबईच्या चाहत्यांचा 'पहिली मॅच देवाला' बघा. २०१३ पासून २०२५ पर्यंत मुंबईने हंगामातला आपला पहिला सामना दरवर्षी हरला, आणि २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० या पाच वर्षांत पहिला सामना हरूनच पुढे कप जिंकला. हार कबूल करता करता जिंकण्याचीही आठवण देणारी ओळ जास्त टिकते. एका निकालावर अवलंबून असलेली ओळ एका हंगामापुरती समजा आणि तेवढेच नग छापा. माणसाच्या सवयीवरची ओळ वर्षानुवर्षं चालते, कारण पॅसेंजर काही एक्स्प्रेस होत नाही.

तिसरी पायरी: बोली आणि लेखन

ओळ ज्या बोलीत म्हटली गेली त्याच बोलीत छापा. 'बॅट मनी शे' मध्ये जो तोरा आहे तो 'बॅट माझी आहे' मध्ये नाही. 'आउट व्हयना, तरी जास नही' (आउट झाला तरी जात नाही) आणि उशिरा येणाऱ्यासाठी 'दोन मिन्टमा उनू' (दोन मिनिटांत आलो) या ओळी अहिराणीतच खुलतात. पण खान्देशात एकच बोली नाही. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, शहाद्याकडे गुजर बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. टीम कुठली त्यावरून शब्द ठरवा. अहिराणीचं लेखनही सगळीकडे एकसारखं नाही. कुणी 'शे' लिहितं, कुणी 'से'. तुमच्या गावातल्या दोन जाणत्या माणसांना ओळ कागदावर लिहून मोठ्यांदा वाचायला सांगा. दोघं अडखळले नाहीत तर लेखन पक्कं.

मुख्य ओळ पाच-सहा शब्दांच्या आत ठेवा. लागलीच तर खाली एक बारीक ओळ, जसं गावाचं नाव किंवा वर्ष. विनोदाच्या शेवटी हसण्याची इमोजी आणि तीन उद्गारचिन्हं लावू नका, त्याने ओळ पडते.

चौथी पायरी: अक्षरं आणि फाईल

मराठी टी-शर्ट सगळ्यात जास्त इथे बिघडतात. पुष्कळ दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरले जातात. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेली ओळ त्यांच्या संगणकावर उघडली की वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे उडतो. डिझाईन करणारा घाईत असतो, तो तसंच छापतो. उपाय असा की मजकूर अक्षर म्हणून पाठवायचाच नाही, आकार करून पाठवायचा. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ओळ लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीडीएफ काढा. कोरलड्रॉमध्ये हेच काम 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करतं, कंट्रोल आणि क्यू दाबून. एकदा पाथ झाला की कुठल्याही संगणकावर वेलांटी जागची हलत नाही. मूळ, बदलता येईल अशी फाईल मात्र वेगळी जपून ठेवा.

फॉन्ट जाड आणि मोकळा हवा. बालू, मुक्त, मोडक, तेको, खंड, यात्रा वन हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापून विकलेल्या मालावरही चालतात. मोडक फार जाड असल्याने दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला झकास दिसतो, पण लांब ओळीत वाचवत नाही. तेको आणि खंड उभट, म्हणून कमी रुंदीत लांब ओळ बसते. 'पोर्‍या', 'दुसर्‍या' अशा शब्दांतला आडवा रकार खास तपासा. तुमच्या फॉन्टमध्ये तो नीट येत नसेल तर रफार होऊन 'पोर्या' दिसतं आणि वाचणारा तिथेच अडकतो. कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टाईप केलं की बहुतेक फॉन्टमध्ये बरोबर उमटतं.

मापं अशी धरा: मुख्य ओळीची अक्षरं शिरोरेषेपासून खाली किमान ३ सेंटीमीटर, दुय्यम ओळ दीड सेंटीमीटर. समोरची छपाई गळ्याच्या शिवणीपासून ७-८ सेंटीमीटर खाली, पाठीवरची साधारण १० सेंटीमीटर खाली. सुटी रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि दोन रेघांमधली फट एक मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर शाई भरून 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात.

ओळीमागे भरीव रंगाचा चौकोन टाकू नका. कागदावर तो छान दिसतो, पण एवढा मोठा भरीव छाप घामाची वाफ बाहेर जाऊ देत नाही. भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ च्या पुढे जातो. तेव्हा छातीवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवल्यासारखं होतं. अक्षरं सुटी ठेवा, मधून कापड दिसू द्या. काळ्या कापडावर काळा रंग छापायची गरज नसते, तो भाग डिझाईनमधून काढून टाका.

पाचवी पायरी: कापड

चाहते म्हणून, म्हणजे बाहेर बसून टाळ्या वाजवायला घालायचा असेल तर सुती, १६० ते १८० जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), बायोवॉश केलेला, म्हणजे लव काढून मऊ केलेला. २२० च्या पुढचे ढगळ टी-शर्ट सध्या तरुणांना आवडतात, पण ते हिवाळ्यातल्या रात्रीच्या सामन्यांना ठीक. खेळताना घालायचा असेल तर डॉट निट (बारीक छिद्रांच्या विणीचं) पॉलिस्टर, १३० ते १६० जीएसएम; घाम लवकर वाळतो. सुती होजिअरीचं मोठं केंद्र तिरुपूर आणि पॉलिस्टरचं सुरत. सुरत आपल्याला जवळ असल्याने पॉलिस्टरच्या जर्सीत निवड जास्त मिळते. फुटकळ नगांसाठी जळगावचं फुले मार्केट किंवा धुळ्याचा आग्रा रोड पालथा घातला तरी पुरतं.

रंग निवडताना मैदान आठवा. काळ्या मातीत पांढऱ्या टी-शर्टवर पडलेला डाग धुऊन पूर्ण जात नाही. राखाडी रंगावर घामाचे डाग उठून दिसतात. गडद निळा, बाटलीहिरवा, मरून हे रंग बरे पडतात, आणि त्यांवर पिवळं किंवा पांढरं अक्षर लांबून वाचता येतं.

सहावी पायरी: छपाईची पद्धत

नग किती आणि कापड कुठलं, यावर पद्धत ठरते.

चाळीसपर्यंत नग, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी ओळ: डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. यात फिल्मवर छापून, मागे चिकटपावडर लावून, गरम प्रेसने कापडावर उतरवतात. सुती कापडाला साधारण १५०-१६० अंश, १० ते १५ सेकंद, फिल्म काढली की वर बटर पेपर ठेवून पुन्हा ५-१० सेकंद. हा दुसरा दाब घाईत गाळला जातो, आणि मग महिन्याभरात कडा सुटतात. पावसाळ्यात कापडात ओल धरलेली असते, तेव्हा छापण्याआधी रिकामा टी-शर्ट चार-पाच सेकंद प्रेसखाली दाबून घ्यायला सांगा.

डीटीएफचा भाव बहुधा फिल्मच्या मीटरवर असतो, म्हणून डिझाईनची रुंदी फिल्म बघून ठरवा. रोल ६० सेंटीमीटर रुंद असला तरी छपाई साधारण ५८ पर्यंतच होते. तुमचं डिझाईन २८ रुंद आणि ३२ उंच असेल तर एका ओळीत दोन बसतात, मीटरभरात सहा, म्हणजे ३० टी-शर्टना ५ मीटर. तेच डिझाईन ३० रुंद केलंत की एका ओळीत एकच बसतं आणि ३० टी-शर्टना जवळपास १० मीटर लागतात. दोन सेंटीमीटरच्या हौसेपायी खर्च दुप्पट. फिल्मच्या मोकळ्या कोपऱ्यांत बाहीवर लावायला छोट्या खुणा भरून घ्या, त्या फुकटात पडतात.

डीटीएफसाठी फाईल पारदर्शक पीएनजी, खऱ्या मापाची, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). २८ बाय ३२ सेंटीमीटरला हे सुमारे ३३०७ बाय ३७८० पिक्सेल होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर चित्र दाबलं जातं आणि कडा फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सावली, धूसर कडा, चकाकी असलं काही नको. खाली पांढरा थर छापला जातो, त्यामुळे धूसर भागाभोवती पांढुरकी कड दिसते.

पन्नासच्या पुढे नग, एक-दोन रंग, सगळ्यांना एकच ओळ: स्क्रीन प्रिंटिंग. प्रत्येक रंगाला एक फ्रेम लागते, तिचा खर्च एकदाच, म्हणून नग वाढतील तसा भाव उतरतो. प्लॅस्टिसोल शाई साधारण १६० अंशांवर पक्की भाजावी लागते. कमी भाजली तर दोन-तीन धुण्यांत भेगा पडतात. समोर सामायिक ओळ स्क्रीनने आणि पाठीवरची नावं डीटीएफने, असा मेळही घालता येतो.

पूर्ण रंगीत जर्सी हवी तर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई धाग्यातच मुरवणारी छपाई. हे पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवरच उतरतं, सुती कापडावर टिकत नाही, आणि यात पांढरा रंग छापता येत नाही. पांढरं दिसायचं ते कापडाचंच.

एक धोका आधीच सांगून ठेवलेला बरा. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरं अक्षर डीटीएफने नेहमीच्या तापमानाला दाबलं तर कापडाचा रंग उष्णतेने वर चढतो आणि पांढरं अक्षर दोन दिवसांत गुलाबी होतं. पॉलिस्टर असेल तर प्रेस १३०-१४० अंशांवर ठेवा आणि रंग अडवणारी फिल्म मिळते का ते विचारा. ती नसेल तर पांढऱ्याऐवजी पिवळं किंवा काळं अक्षर घ्या.

काय छापायचं नाही

आयपीएल टीमचा लोगो आणि नाव नोंदलेले ट्रेडमार्क आहेत. खेळाडूचा नेटवरून उचललेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो. विकायचे असतील तर दोन्ही टाळा. टीमचा रंग आणि तुमची स्वतःची ओळ एवढ्यावर चाहत्याला सगळं कळतं. निळ्या टी-शर्टवर 'पहिली मॅच देवाला' वाचून कुणीही विचारत नाही की कोणती टीम.

भारताच्या सामन्यासाठी करत असाल तर राष्ट्रध्वज छापू नका. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा; २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात पोशाखाच्या कापडावर ध्वज छापण्याला किंवा भरतकाम करण्याला मनाई आहे. निळं कापड आणि भगवं अक्षर पुरेसं आहे.

सातवी पायरी: माप, नमुना, ऑर्डर

'तुझी साईज काय?' असं विचारलं की अर्धे लोक अंदाजे सांगतात. प्रत्येकाला अंगाला बरोबर बसणारा एक टी-शर्ट सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजायला सांगा. २१ इंच आलं तर ४२ ची छाती. मग दुकानाचा मापतक्ता मागून जुळवा, कारण एकाचा एल दुसऱ्याचा एम असतो. सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीला एखादा इंच आटू शकतं, म्हणून दोन मापांमध्ये अडकलेल्याला मोठं द्या. यादी हाती येत नसेल आणि ३० नग मागवायचेच असतील तर एस ३, एम ९, एल १०, एक्सएल ६, डबल एक्सएल २ अशी विभागणी कामचलाऊ आहे. वर दोन एल जास्तीचे घ्या, ऐनवेळी आलेला खेळाडू असतोच.

पाठीवरचं नाव प्रत्येकाने स्वतः देवनागरीत टाईप करून पाठवायचं. दुसऱ्याने ऐकून लिहिलं की 'पाटील' चं 'पाटिल' होतं. सगळी यादी एका पानावर लावा, ग्रुपवर टाका, रात्रीपर्यंतची मुदत द्या आणि मुदतीनंतर बदल घेऊ नका. निम्मे पैसे आधी जमा झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. टी-शर्ट आल्यावर पैसे गोळा करणाऱ्याची फार ओढाताण होते.

स्पर्धेच्या किमान पंधरा दिवस आधी दुकानात जा. आयपीएल, गणपती, नवरात्र आणि निवडणुका या काळात छापणारे बुडालेले असतात, तेव्हा तीन आठवडे धरा. सगळा माल छापण्याआधी एक नमुना घ्याच, त्याच कापडावर, त्याच रंगावर. नमुना गार झाला की छपाई दोन्ही हातांनी दोन-तीन सेंटीमीटर ताणा. अक्षराला चिरा पडल्या किंवा कड उचलली तर दाब किंवा तापमान कमी पडलंय. मग दहा पावलांवर एकाला तो घालून उभा करा आणि ज्याला विनोद माहीत नाही अशा माणसाला वाचायला लावा. तो चुकीचं वाचत असेल तर अक्षर बदला, अजून वेळ आहे. चोवीस तासांनी एकदा धुऊन बघा.

माल ताब्यात घेताना गठ्ठा मोजून निघू नका. प्रत्येक टी-शर्ट उघडा, नाव आणि साईज यादीशी जुळवा, छपाई तिरकी बसली आहे का ते गळ्याच्या मध्यावरून बघा. कॉलरच्या टी-शर्टमध्ये बटणपट्टीजवळ प्रेस नीट टेकत नाही, तिथली कड नखाने तपासा.

वाटताना प्रत्येकाला सांगा: पहिलं धुणं छपाईनंतर एक दिवस सोडून, टी-शर्ट उलटा करून, गार पाण्यात. ब्रश आणि ब्लीच नको. आपल्याकडच्या उन्हात छपाईची बाजू वर ठेवून वाळवली तर रंग विटतो, म्हणून उलटाच, सावलीत. इस्त्री करायची तर आतल्या बाजूने.